आप्पांचे दोन जास्तीचे दिवे

लातूरच्या एका क्लासमध्ये मी वीस वर्षं विद्युतधारा शिकवतो. प्रत्यक्ष तारा जोडण्याचा योग एकदाच आला.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे लातूरजवळच्या मुरुडच्या घरात त्यांना काडीपेटी सापडली नव्हती; अंधारात आईला हाका मारत ते भिंत धरून उभे होते. आई सुखरूप निघाली, पण तेव्हापासून आप्पांच्या उशाशी दोन बॅटऱ्या आणि खिशात कायम काडीपेटी. (विडीचं व्यसन नसलेला माणूस!) मी नवी गाडी घेतली तेव्हा त्यांनी एकच मागितलं.

"पुढं दोन दिवे जास्तीचे लाव. उसाच्या ट्रॉल्यांना मागं लाल दिवा नसतो रं."

वायरिंगवाले रफिकभाई म्हणाले, "सर, नव्या गाडीची मूळ वायर सोलायची न्हाई. सगळं कॉम्प्युटरवर चालतंय. बॅटरीपासून वेगळी वायर आणू, मधी फ्यूज आन् रिले टाकू. उद्या या."

मी गेलो नाही. वहीच्या मागच्या पानावर गणित केलं: पंचावन्न वॅटचे दोन दिवे, बारा व्होल्ट, म्हणजे नऊ अँपिअर आणि थोडं. उत्तर बरोबर होतं. (ते आजही बरोबर आहे.) रविवारी डॅशबोर्डखालची एक जाडसर वायर निवडली, सोलली, जोडली. इंजिन बंद असताना बटन दाबलं. दिवे लागले! आप्पांनी हात जोडले.

ती वायर इंजिनाच्या कॉम्प्युटरची होती, हे पुढे कळलं.

पुढे म्हणजे माझ्या मुलीच्या, गौरीच्या, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेदिवशी. दोन वर्षं मान खाली घालून तिने अभ्यास केला होता. केंद्र नांदेडला; दीड वाजता फाटक बंद. वाटेत लोह्याला आप्पांचे मेहुणे, माझे मामा, रस्त्यावर भेटायला थांबले होते.

"दिवे लाव, पाव्हण्यांला दाखव," आप्पा म्हणाले.

"आप्पा, भर उन्हात?"

"उन्हात लागले तर अंधारात लागतेलच की!"

इंजिन चालूच होतं. मी बटन दाबलं. दिवे क्षणभर चमकले आणि गाडी गप्प झाली.

"लई झ्याक," मामा म्हणाले. "आता चालू करा."

ती चालू होईना. पावणेबारा झाले होते. गौरी प्रवेशपत्र छातीशी धरून बसली होती. मी रफिकभाईंना फोन लावला आणि ओहमचा नियम सांगू लागलो.

"सर, फोन पोरीला द्या," ते म्हणाले.

फोनवर ते सांगत गेले तशी गौरीने माझी तार उपटली, जळलेला फ्यूज काढला, हॉर्नचा तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज तिथे बसवला. गाडी सुरू झाली. आता हॉर्न नव्हता! नांदेडात शिरल्यावर आप्पा खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आले.

"सरका! सरका! पोरीची परीक्षा हाय!"

फाटक बंद व्हायला चार मिनिटं होती. गौरी आत गेली. आप्पांचा घसा आठवडाभर बसला.

आप्पांना वाईट वाटू नये म्हणून निकामी दिवे मी तसेच ठेवले. मी बटनाला हात लावत नसे. रात्री गाडीही चालवत नसे. पण आप्पा शेजारी बसले की भर दिवसा बटन दाबायचे. "लागले का?"

"लागले, आप्पा," मी म्हणायचो. तीन वर्षं.

या पौषात आप्पा गेले. महिन्याने मी गाडी घेऊन रफिकभाईंकडे गेलो. "हे दिवे आता नीट जोडून द्या. त्यांची इच्छा होती."

रफिकभाईंनी वाकून पाहिलं.

"सर, जोडलेलेच हायेत. हॉर्नच्या फ्यूजसाठी तुम्ही गाडी ठेवली व्हती ना, तवाच आप्पांनी फोन करून रिले टाकून घेतला. म्हणले, त्याला सांगू नगंस. लई शिकल्यालं लेकरू हाय, मनाला लावून घेईल."

म्हणजे तीन वर्षं माझ्यासमोर, चार हातांवर, दोन दिवे लखलख जळत होते आणि मला दिसले नाहीत.

क्लासमध्ये प्रकाश हा धडाही मीच शिकवतो.