टाइट म्हणण्याचा मान

‘टाइट’ हे विशेषण इंग्रजीतून आपल्याकडे पाहुणे म्हणून आले आणि घरजावई होऊन बसले. नट टाइट असतो, सदरा टाइट असतो. हा झाला हाताला कळणारा अर्थ. पुढे लक्षणेचा कारभार सुरू होतो: महिनाअखेर टाइट, साहेब टाइट आणि चार घोट जास्त झालेला माणूसही टाइटच. एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात मात्र या शब्दाचा अर्थ ‘आता भ्यायचे कारण नाही’ असा होता, आणि तो उच्चारण्याचा मान एकट्या फिटरचा होता.

धुलाईखान्यातले वाफेचे नळ इस्त्रीयंत्रांच्या डोक्यावरून जात. जोडणी उघडून आतली झिजलेली चकती बदलली की नट पुन्हा आवळायचे, तेही समोरासमोरचे, थोडेथोडे. एकच बाजू आधी आवळली तर दुसरी फट धरते. शेवटी पान्यावर मनगटाचा भार देऊन फिटर ‘टाइट’ म्हणे. मगच वाफेची झडप उघडायची आणि मगच इस्त्रीवाल्या बायकांनी चादरीला हात घालायचा. नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मोडलाही जात नव्हता. बायकांनी त्याचे नाव टाइटराव ठेवले होते.

“टाइटराव, घरीसुद्धा पाना उशाशी घेऊन झोपता काय?”

“घरचा पाना बायकोच्या हातात. मी तिथं नुसता नट.”

मग त्याला अर्धांगाचा हलका झटका आला. महिन्याभरात बोलणे सुधारले, चाल सरळ झाली. उजव्या हातात पकडही आली, पण बोटांची जाण परतली नाही. नट कुठे थांबला हे हाताने सांगायचे, आणि हात मुका झाला होता. डॉक्टरांना त्याने “ठणठणीत” म्हणून सांगितले, बायकोलाही तेच. जाण आज ना उद्या येईल, ही त्याची आशा होती. तोवर तो अंदाजाने आवळत राहिला, आणि ‘टाइट’ पूर्वीपेक्षा मोठ्याने म्हणू लागला.

त्याचा मेहुणा हाताखाली काम करी. काम संपले की फिटर हात धुवायला मागे जाई आणि मेहुणा झडपेकडे. एका सकाळी मोरीच्या नळाला पाणी नव्हते, म्हणून फिटर तसाच परतला. मेहुणा शिडीवर होता. त्याच्या पान्याखाली एकेक नट सहज फिरत होता. बायका हात आवरून खाली उभ्या होत्या. त्या वाट पाहत होत्या ती मेहुण्याची.

“किती दिवस चाललंय हे?”

“काही नाही दाजी, नुसतं बघत होतो.”

“बघायला पाना लागतो होय?”

मेहुणा खाली उतरला. “ताईला बोललो नाही मी.”

“आणि ह्यांना?”

“आम्हाला कुणी सांगायला कशाला हवं?” वयाने मोठी असलेली इस्त्रीवाली म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिने बाही मनगटापर्यंत ओढली. फिटरने ते पाहिले. तो जवळ गेला, तेव्हा तिने बाही वर केली. भाजल्याचा डाग जुना होऊन काळवंडला होता.

“वाफ थोडीशीच लागली होती,” ती म्हणाली. “तुमचं काम जाईल म्हणून…”

फिटरला ‘माफ करा’ म्हणायचे असावे. तोंडून निघाले ते, “मलम लावलं का?” एवढेच. मग तो मेहुण्याकडे वळला.

“सगळे फिरवलेस?”

“हो.”

“मग म्हण.”

“तुम्हीच म्हणा की दाजी. शब्दानं काय जातंय?”

“हिचा हात जात होता.”

मेहुणा पुटपुटला. फिटरने नकारार्थी मान हलवली. “इस्त्रीयंत्रापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”

दुसऱ्यांदा तो शब्द नीट ऐकू आला. झडप उघडली, नळ तापून खडखडले. बायकांनी चादरी उचलल्या, पण त्या दिवशी कुणी कुणाची थट्टा केली नाही.

जेवणाच्या सुट्टीत मेहुण्याने न विचारता फिटरच्या डब्याचे झाकण उघडून दिले. फिटरने ते उघडू दिले.