खिडकी बंद ठेवणारा सरडा

हार्लन व्हेसेलीचा म्हातारा सरडा मे महिन्यात मेला. तेव्हापासून त्याच्या ओळखीतल्या सगळ्या सरडे पाळणाऱ्यांना एकच प्रश्न पडला होता: आता हार्लन कुठली जात आणणार?

हाच प्रश्न त्याच्या बायकोलाही पडला होता, पण तिची कारणं वेगळी होती.

"तू आधी सरडा ठरव," टोस्टला लोणी लावता लावता रूथॅन एका सकाळी म्हणाली. "मग माझं मी ठरवते."

तिला ठरवायचं होतं ते असं. तिची बहीण पॅट्सी ॲरिझोनात, युमाला राहते. तिथे भर हिवाळ्यातही बाह्या वर सारून अंगणात बसता येतं. गेल्या जानेवारीत रूथॅन तिच्याकडे राहून आली आणि वर्षभर आखडलेली तिची बोटं मोकळी झाली. गोधडीवरचे टाके पुन्हा सरळ पडायला लागले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, मोरो बे या आपल्या गावी परतल्यावर महिनाभरात ते पुन्हा वाकडे व्हायला लागले. आता पॅट्सीच्या शेजारी चाकांवरच्या एका फिरत्या घराची जागा रिकामी होणार होती. रूथॅनने होकार दिला की नोव्हेंबर ते एप्रिल ती तिकडे राहणार, आणि एका वर्षापुरतं नाही, दरवर्षी.

"अर्धं वर्ष?" हार्लनने विचारलं होतं.

"थंडीचं अर्धं. तुला आवडतं तेच."

त्यांचं घर समुद्रापासून दोन गल्ल्या वर आहे. पुढच्या खोलीला पश्चिमेकडे मोठी खिडकी, खिडकीला लागून माणसाच्या उंचीचा जाळीचा पिंजरा. त्या पिंजऱ्यात आजवर जे राहिले ते सगळे तीन शिंगांचे शॅमेलिऑन, आपल्याकडच्या घोयरा सरड्याचे दूरचे भाऊबंद. मूळचे आफ्रिकेतल्या उंच डोंगरांतले. त्यांना दिवसा ऊन लागतं आणि रात्री थंड, ओली हवा. ती मिळाली नाही तर ते खाणं सोडतात, झुरतात. दुसऱ्या गावचे लोक त्यासाठी यंत्रं लावतात. मोरो बेला संध्याकाळी धुकं आपणहून येतं. खिडकी उघडी ठेवली की काम झालं. हार्लनची खिडकी वीसेक वर्षं उघडी होती.

भिंतीतला हीटर रूथॅन लावायची, हार्लन जाता जाता बंद करायचा. त्यावरून त्यांचं कधी मोठं भांडण झालं नाही. ती स्वेटरवर स्वेटर चढवायची आणि आलेल्या पाहुण्यांना म्हणायची, "कोट असू दे अंगात. काढलात तर पस्तावाल."

थंडीचं हार्लनला काही वाटत नसे. शाळा संपल्या संपल्या तो बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात लागला. मासेमारीच्या बोटी पहाटे यायच्या, त्यांच्या पोटात नळीने बर्फाचा चुरा सोडायचा, आणि दिवसभर कॉम्प्रेसर आणि अमोनियाच्या नळ्या सांभाळायच्या. निवृत्त होईपर्यंत त्याने तेच केलं. पहिला सरडा त्याला शेजारच्या लिंबाच्या झाडावर सापडला. कुणीतरी कधीतरी सोडून दिलेल्या सरड्यांची पिल्लावळ त्या गल्लीतल्या झाडांवर अजून आहे. सुरुवातीला त्याने तो बाहेर, परसातच ठेवला. मांजराएवढ्या एका रॅकूनने, तिकडच्या रात्री फिरणाऱ्या चोरट्या प्राण्याने, जाळी फाडून नेला. दुसरा घरात आला, आणि त्याच्याबरोबर धुकंही घरात आलं.

क्लाइड ओचोआ हा त्याचा सरड्यांतला मित्र. जवळच्या निपोमो गावी त्याचं काचघर आहे. तिथे तो अंडी उबवतो आणि पिल्लं विकतो, पण वाटेल त्याला नाही. ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला.

"तुझी वेळ आली, म्हाताऱ्या. चार शिंगांचे फुटलेत."

हार्लन खुर्चीत सरळ झाला. चार शिंगांचा म्हणजे कॅमेरूनच्या डोंगरातला. त्याची अंडी सहसा फुटत नाहीत, फुटली तर पिल्लं जगत नाहीत. तो तीन शिंगांवाल्यापेक्षाही थंडीचा भोक्ता. क्लाइडकडे तो मागणारे पुष्कळ होते, पण क्लाइडने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पहिला हार्लनचा, कारण या किनाऱ्यावर तशी थंड खोली दुसऱ्या कुणाच्या घरात नाही. हार्लनला त्या खोलीचा अभिमान होता.

"शनिवारी ये," क्लाइड म्हणाला. "मांस भाजतोय. रूथॅनला घेऊन ये."

"ती नाही यायची."

"का? माझ्यावर रागावलीय?"

"तुझ्या सरड्यांवर."

शनिवारी हार्लन एकटाच गेला. क्लाइडने ओकच्या लाकडांवर मांसाचा मोठा तुकडा भाजायला लावला होता, शेजारी घेवड्याचं पातेलं रटरटत होतं. जेवणाआधी दोघं काचघरात गेले. आत पिंजऱ्यांच्या मधे पुठ्ठे उभे केलेले होते, कारण या प्राण्यांना एकमेकांचं तोंडही पाहवत नाही. समोर दुसरा दिसला की रंग काळवंडतो आणि जेवण बंद होतं.

चार शिंगांचं पिल्लू फांदीला चिमट्यासारख्या पायांनी धरून बसलं होतं. पाठीवर छोटं शीड, अंगावर शेवाळाचा हिरवा आणि मधे निळ्याचे ठिपके. शिंगं अजून नुसते उंचवटे होते. त्याचा एक डोळा हार्लनकडे वळला, दुसरा माशीवर राहिला. मग जीभ सुटली आणि माशी गेली.

"काय बोलतोस?" क्लाइडने विचारलं.

"देखणा आहे."

"देखणा आहे म्हणे. अरे, तोंडाला पाणी सुटलंय तुझ्या."

हार्लन पुढच्या पिंजऱ्याकडे गेला, मग त्याच्या पुढच्या. डोक्यावर टोपासारखा तुरा असलेल्या येमेनच्या सरड्यापाशी तो थांबलाच नाही. ती जात हात पाहिला की फुसकारते, आणि म्हातारपणी कुणाचं फुसकारणं ऐकायची हार्लनची इच्छा नव्हती. शेवटच्या पिंजऱ्यात पँथर जातीचा सरडा होता, मादागास्करच्या उष्ण किनाऱ्यावरचा. निळ्या अंगावर लाल पट्टे आणि ओठावर पांढरी रेघ. मागे तरुण पोरांपुढे हार्लन या जातीला जत्रेतला सरडा म्हणायचा. नवशिक्यांना आधी तोच हवा असतो.

"याला रात्री थंडी चालत नाही ना?" त्याने विचारलं.

"तुझ्या खिडकीची? नाही बाबा. अंग गार पडलं की याला खाल्लेलं पचत नाही. याला ऊबच लागते. का विचारतोस?"

"हा घेतो."

क्लाइडने हातातला चिमटा खाली ठेवला. "तो नाही रे. तुझा तिकडे आहे."

"कळतंय मला कुठला कुठे आहे."

"हार्लन, हा कुणीही ठेवतो. माझी भाची ठेवते, आणि तिच्या घरात कुंडीतला कॅक्टस मरतो. मी लोकांना तुझ्यासाठी थांबवून ठेवलंय."

"मग त्यांना आता थांबवू नकोस."

जेवताना क्लाइडने दोन-तीनदा विषय काढला. डॉक्टरने काही सांगितलंय का, छातीत वगैरे दुखतंय का. हार्लन घेवडा खात राहिला. त्याने मनाशी सगळा हिशोब मांडला होता आणि तो त्याला चोख वाटत होता. पँथर आला की खिडकी बंद होईल, हीटर चालू राहील, बोटं आखडणार नाहीत, युमाचं कारणच उरणार नाही. एका यंत्राचं बिघडलेलं दुसऱ्या यंत्राने सुधारायचं, तसं. फक्त हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

"बरं," निघताना क्लाइड म्हणाला, "पण नियम नियमच. आधी रिकामा पिंजरा महिनाभर चालव. तुला सूट नाही. सगळ्यांना हे शिकवणारा तूच."

ते खरं होतं. सरडा आणण्याआधी पिंजरा रिकामाच चालवायचा, दिवे, फवारे, झाडं सगळं लावून, आणि ऊब नि ओल ठरल्याप्रमाणे टिकते का ते पाहायचं. पुष्कळ लोक उतावीळपणे सरडा आधी आणतात आणि मग त्याच्या जिवावर चुका दुरुस्त करत बसतात.

हार्लनने कामाला हात घातला. पश्चिमेची खिडकी लावली, फटींत रबराच्या पट्ट्या भरल्या. हीटर उघडून साफ केला. पिंजऱ्यात नवा दिवा, नव्या वेली. दोन दिवसांत खोली अशी उबदार झाली की काचेवर बाहेरून धुकं टेकलेलं दिसे आणि आत त्याचा मागमूस नसे.

रूथॅन आधी दारातून डोकावली. दुसऱ्या दिवशी ती गोधडीची चौकट घेऊन आली आणि पिंजऱ्याशेजारच्या खुर्चीत बसली. मग रोजच बसायला लागली. एकेक स्वेटर उतरला. हार्लन स्वयंपाकघरातून पाहायचा. आपण काही न सांगता सगळं जमवून आणलं, याचं त्याला आतल्या आत हसू येत होतं.

एका रविवारी दुपारी तिने सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि विचारलं, "कुठला येतोय?"

"पँथर. उबेतला आहे."

"हे त्याच्यासाठी केलंस सगळं?"

हार्लनने याच प्रश्नाची वाट पाहिली होती. "नाही. तुझ्यासाठी. म्हणून तर तो निवडला. चार शिंगांचा सोडून दिला मी."

तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. ती गोधडीकडे पाहत होती.

"म्हणजे मला थंडी वाजते म्हणून तू सरडा बदललास," ती म्हणाली.

"हो."

"खिडकी लावली असतीस तरी चाललं असतं, हार्ल."

"आता लावलीच आहे ना."

"सरड्यासाठी. मी वीस वर्षं बोंबलत होते, तेव्हा नाही लागली. आता असा प्राणी शोधून काढलास की ज्याला मला हवं तेच लागतं. आणि म्हणतोस माझ्यासाठी." तिने एक टाका घातला. "बरं, हा किती जगतो?"

"पाच-सहा वर्षं. नीट ठेवला तर."

"आणि मग? त्याच्यानंतरचा कुठला?"

हार्लनने पिंजऱ्यातली एक वेल उगाच सरळ केली. खरं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. गाडी चालवत निपोमोहून घरी येताना त्याने ते मनात घोळवलंही होतं: तोवर क्लाइडकडे चार शिंगांचे आणखी फुटतील.

"तेच म्हणते मी," रूथॅन म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पॅट्सीला या आठवड्यात सांगायचंय. जागा घेतेच म्हणते."

त्यानंतरचे काही दिवस घरात नेहमीसारखीच बोलणी झाली. दूध संपलंय, नळ गळतोय, मासे कुठून आणले. हार्लन पिंजऱ्यापुढे उभा राहून आकडे वाचायचा. ऊब हवी तिथे होती, ओल हवी तिथे होती. कुठेच काही बिघडलेलं नव्हतं, आणि तेच त्याला खटकत होतं. ही खोली अशी करायला दोन दिवस लागले होते. फक्त दोन दिवस.

गुरुवारी त्याने स्वयंपाकघरातून फोन लावला. रूथॅन पुढच्या खोलीत होती आणि मधलं दार उघडं होतं.

"क्लाइड, तो पँथर दुसऱ्या कुणाला तरी दे."

"ऊब टिकत नाहीये का?"

"टिकतेय. काटा हलत नाही."

"मग शुद्धीवर आलास म्हणायचं. चार शिंगांचा अजून आहे. ठेवलाय मी तुझ्यासाठी. मला माहीत होतं तू फोन करशील."

"तोही दे कुणाला."

"म्हणजे? मग कुठला हवाय? तीन शिंगांचाच पुन्हा?"

"कुठलाच नको. या वर्षी नको."

"सरड्याशिवाय तू करणार काय घरात? भिंतीकडे बघत बसणार?"

"हे बघ. सरडा आणला की खिडकी त्याच्यासाठी बंद राहते. नाहीतर त्याच्यासाठी उघडी. मला बघायचंय, मधे सरडा नसला तर माझ्याच्यानं ती बंद राहते का."

पलीकडे काचघरातला पंखा बंद झाला. मग क्लाइड म्हणाला, "मला काही कळलं नाही. पण ठीक आहे. चार शिंगांचा मी फार दिवस ठेवू शकत नाही, हे लक्षात घे. पुन्हा कधी फुटतील सांगता येत नाही."

"माहितीये."

"कदाचित फुटणारही नाहीत."

"तेही माहितीये."

फोन ठेवल्यावर तो जरा वेळ ओट्यापाशी उभा राहिला. शेवाळाचा हिरवा आणि त्यातले निळे ठिपके त्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हते. मग तो पुढच्या खोलीत गेला. पिंजऱ्यातला फवारा त्याने बंद केला. वेलींना झारीने पाणी पुरलं असतं. दिवा तेवढा राहू दिला, कारण टाके घालायला रूथॅनला त्याचा उजेड लागत होता. हीटरला हात लावला नाही.

तो सोफ्यावर बसला. त्याला लगेच घाम आला. त्याने शर्टाचं वरचं बटण सोडलं, मग दुसरं. रूथॅन चष्म्यावरून पाहत होती.

"लालबुंद झालायस," ती म्हणाली.

"बरा आहे मी."

"सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलतोस फोनवर."

"कारखान्यात होतो. सवय आहे."

तिने दोरा दाताने तोडला. बाहेर धुकं उतरायला लागलं होतं, समोरचं छप्पर अर्धं दिसेनासं झालं होतं. ही खिडकी उघडायची वेळ. हार्लनचे हात मांडीवर होते आणि ते तिथेच राहावेत म्हणून त्याने बोटं एकमेकांत गुंतवली होती.

"पॅट्सीला सांगते," रूथॅन म्हणाली, "की या वर्षी जागा नको. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

"जागा जाईल मग."

"जाऊ दे. तुझाही सरडा गेला ना."

त्याने मान हलवली. खोलीत हीटरचा घुं घुं आवाज येत होता. कपाळावरचा घाम त्याने बाहीने पुसला आणि थोड्या वेळाने विचारलं, "स्वयंपाकघराची खिडकी जराशी उघडू का? तिकडची?"

रूथॅनने सुई गोधडीत टोचून ठेवली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मधलं दार लावून घे," ती म्हणाली. "मग उघड."