दादाच्या हाताचा कौल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही. जिला सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. आणि दादाला — त्याला तर नाहीच, त्याच्यापासूनच लपवायचं होतं. चार वर्षं पोटात ठेवलंय. कदाचित अजूनही ठेवलं असतं, पण गेल्या महिन्यात माझा लॅपटॉप बंद पडला आणि नवा कुठला घ्यायचा हा विषय पुन्हा आमच्या घरात निघाला.

मालवणात असल्या वस्तू फार टिकत नाहीत. खारा वारा सगळ्यात शिरतो. माझ्या लॅपटॉपच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या, स्क्रीनवर उभ्या रेघा आल्या होत्या, आणि एका सकाळी तो चालूच होईना. दादा बर्फाच्या कारखान्यातून घरी आला, लॅपटॉप हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि म्हणाला, "नवो घी गो. पण आदी देवाक इचार. मागच्या वक्ताक तुका कसो बरो कौल दिल्यान."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

थांबा, मी मधूनच सुरू केलं. आधी दादा कोण ते सांगायला हवं.

माझा थोरला भाऊ अनंत, वाडीत सगळे अंतू म्हणतात. तो पेंटर होता. दुकानांच्या पाट्या करायचा, पण त्याचं खरं काम म्हणजे होड्यांची नावं. आमच्या किनाऱ्यावरच्या बहुतेक होड्यांवर त्याचं अक्षर होतं. पट्टी नाही, दोरी नाही, खडूची खूणसुद्धा नाही. फळीसमोर जरा वेळ नुसता उभा राहायचा आणि मग ब्रश टेकवायचा. अक्षर आधीपासून तिथंच असल्यासारखं बाहेर यायचं. लहानपणी त्याने मलाही ब्रश धरायला शिकवलं. माझी अक्षरं चढावर चालल्यासारखी तिरकी जायची. बघणारे हसून म्हणायचे, "हात अंतूचो गो, तुजो न्हय." मीही हसायचे. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी बारावीनंतर कुडाळला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला तो का — हे आज खरं सांगायचं तर — तिथे दादा नव्हता म्हणून. माउस हातात घेतला की माझी रेघ सरळ यायची. कॉम्प्युटरच सरळ करायचा ती, मी नाही. पण ते एक ठिकाण माझं होतं.

मग फ्लेक्स आले. वाढदिवसाचे, बारशाचे, सत्यनारायणाचे. हाताने रंगवलेल्या पाट्या कुणाला नकोशा झाल्या. त्यातच थिनरने दादाच्या बोटांना चिरा पडलेल्या, खोकला सुटत नव्हता, आणि डॉक्टरांनी रंगाचं काम कमी करा म्हणून बजावलेलं. तेव्हा दादानेच विषय काढला. आपण दोघांनी मिळून लॅपटॉप घ्यायचा. घरी डिझाइन करायचं, कुडाळहून छापून आणायचं. त्याची शिल्लक आणि माझी शिल्लक एकत्र करायची. "तू मशीन चालव, मी चित्रां काडतंय," म्हणाला. किती खुशीत होता. त्याच्या हाताला काम राहणार होतं — थिनरशिवाय.

आम्ही म्हापशाला गेलो. दुकानदार भला माणूस, त्याने आमचं बजेट विचारलं आणि दोन गोष्टी समोर ठेवल्या. एक मोठा लॅपटॉप — स्क्रीन झगझगीत, मेमरी दुप्पट, ग्राफिक्स कार्ड वेगळं. तो घेतला की आमचे पैसे तिथेच संपत होते. दुसरा लहान, साधा, बाजूने बघितलं की रंग जरा फिके दिसायचे. पण त्याच पैशांत त्याच्याबरोबर पेन टॅब्लेट बसत होता. म्हणजे एक काळी पाटी आणि तिच्यावर चालणारं पेन. पाटीवर काढायचं, स्क्रीनवर उमटायचं. मी दुकानदाराला विचारलं, फ्लेक्सच्या कामाला लहान चालेल का? तो म्हणाला, आरामात चालेल. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. हे लक्षात असू द्या, कारण नंतर मी उलटंच सांगत फिरले.

दुकानदाराने पेन दादाच्या हातात दिलं. पहिली एक-दोन मिनिटं तो गोंधळला. हात खाली, चित्र वर — कुठे बघायचं कळेना. मग त्याने पाटीकडे बघणंच सोडलं. नुसता स्क्रीनकडे बघत राहिला आणि हात फिरवला. एका रेघेत होडीची नाळ आली. पुढचं टोक पाण्यातून वर उचललेलं, जशी आमच्या किनाऱ्यावर उभी असते तशी. खाली नाव लिहिलं — माझं नाव. दुकानदाराने आतून बायकोला बघायला बोलावलं. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "हेका थिनराचो वास नाय गो, बाये." आणि बोटं नाकाशी नेऊन हसला.

दोन वर्षं मी कोर्स केला होता. त्याला दोन मिनिटं लागली होती.

माझ्या पोटात दुखलं. दुसरा चांगला शब्द शोधत नाही, कारण दुसरं काही नव्हतंच. भीती होती म्हणू? सवय बदलायची धास्ती होती म्हणू? नाही. तो तिथेही आला, एवढंच मला दिसलं. आता हे ठिकाणही त्याचं होणार, आणि मी मशीन चालवणारी राहणार. दुकानात मी तोंडाला येईल ते बोलले — मोठा टिकेल, लहानाचे रंग खोटे, पेन काय महिन्यात बिघडेल. दादाने पेन खाली ठेवलं. त्याला यातलं कळत नव्हतं, आणि बहिणीला कळतं यावर त्याचा भरवसा होता. शेवटी म्हणाला, आज नको घेऊया. देवाला विचारू.

तुम्ही घाटावरचे असाल तर हसाल. लॅपटॉपसाठी कौल? पण आमच्याकडे लग्नाला, विहिरीला, नव्या जाळ्याला कौल लावतात, तर एवढे पैसे घालायचे तिथे का नाही? ग्रामदेवाच्या पाषाणावर गुरव दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. तुमचा प्रश्न देवाला मोठ्याने सांगतो. उजवी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. त्यानंतर चर्चा नाही. दादा तर कौलापुढे एक अक्षर बोलणारा नव्हता.

नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती. होड्या दर्यात जायच्या आधी नावं व्हायला हवी होती आणि पावसाने उघडीप दिली तेवढ्यात त्याला चार होड्या उरकायच्या होत्या. म्हणून तो म्हणाला, तू जा. आणि काय विचारायचं ते नीट घोकून घेतलं माझ्याकडून — "दोगांचा नाव घी. पेनावालो घेवया काय, इतक्याच इचार."

मी गेले. सकाळची वेळ, देवळात गुरवकाका आणि मी. त्यांनी पाकळ्या लावल्या आणि काय विचारायचं म्हणून माझ्याकडे बघितलं.

इथे मी पुष्कळदा थांबले आहे. मनातल्या मनात सांगतानासुद्धा इथे आले की मी दुसरीकडे वळते — त्या दिवशी दमट होतं, समई तेवत होती, काकांना घाई होती. पण तसलं काही कारण नाही. मी म्हणाले, "माज्या कामाक यश येतला काय, इतक्याच इचारा."

काकांनी गाऱ्हाणं घातलं. बा देवा महाराजा, ह्या चेडवाक कामात यश येतला काय, उजवो कौल दी रे महाराजा. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. उजवी पाकळी पडली. त्यांनी मला प्रसाद दिला आणि बरं होईल म्हणाले.

पेनाचं मी विचारलंच नाही. दादाचं नावसुद्धा घेतलं नाही.

मग देवळातून सरळ किनाऱ्यावर गेले. दादा एका होडीवर नाव काढत होता, पुढची दोन अक्षरं झाली होती. मी सांगितलं, "पेनाक डावो पडलो." त्याने हात थांबवला. "डावो?" मी म्हटलं, होय. त्याने विचारलं, "दोगांचा नाव घेतलंस?" मी म्हटलं, होय. "बरा," म्हणाला, आणि ब्रश पुन्हा डब्यात बुडवून राहिलेलं अक्षर पुरं केलं. हात जराही हलला नाही. मी बघत होते ना, म्हणून सांगते.

माझा कौलावर विश्वास नव्हता असं म्हणून सुटता आलं असतं. पण विश्वास होता. म्हणूनच तर विचारला नाही. देव त्याच्या बाजूने उजवा देईल याची मला खात्री होती.

मोठा लॅपटॉप आला. काम चाललं, नाव झालं, बाजारात लहानसा गाळा घेतला. मला वाटलं, दादा आपलं रंगकाम करत राहील, पेन गेलं तर गेलं. पण त्या नारळी पौर्णिमेनंतर त्याने एकही नवी होडी घेतली नाही. आधी वाटलं खोकल्यामुळे असेल. मग एकदा आईने मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, "अंतू म्हणता, देवान माज्या हाताक नाय म्हटल्यान. तुका काय बोललो गो गुरव?" मी भांडी घासत होते. म्हटलं, हाताबद्दल काका काही बोलले नाहीत. तेवढं तरी खरं होतं.

म्हणजे त्याने पेनाचा नकार हातावर घेतला होता. मी एका वस्तूबद्दल खोटं बोलले आणि त्याने ते स्वतःबद्दल ऐकलं. त्या वेळी सांगता आलं असतं, नाही का? एक वाक्य होतं. पण मी भांडी घासत राहिले. देवाने नाही म्हटलं ते तो सोसत होता. बहिणीने म्हटलं हे कळलं असतं, तर काय झालं असतं? मी ते बघायला तयार नव्हते. त्याची मला दया आली म्हणून गप्प बसले असं नाही. मी माझं तोंड लपवलं.

ब्रश त्याने घासलेटात धुऊन कागदात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. बर्फाच्या कारखान्यात लागला. बर्फाच्या लाद्या उचलायच्या, फोडायच्या, मासळीच्या खोक्यांत भरायच्या. होड्यांना आता रेडियमची अक्षरं लावतात, आणि ती मीच कापून देते. एक गोष्ट आणखी सांगायची राहिली. त्या अक्षरांसाठी मी दादाच्या जुन्या होड्यांचे फोटो काढले आणि एकेक अक्षर माउसने गिरवून घेतलं. आठ दिवस लागले, तरी जिथे तिथे रेघ अडखळलेली आहे. लोकांना आवडतं ते अक्षर. कुणाचं म्हणून विचारतात. मी म्हणते, कॉम्प्युटरात असतं.

तर आता पुन्हा नवा लॅपटॉप. या वेळी मी एकटीच म्हापशाला गेले. कौल लावला नाही. लहान, साधा घेतला आणि बरोबर पेन घेतलं, जरा चांगल्यातलं. एसटीत सगळ्या वाटेभर मनाशी ठरवलं, खोका त्याच्या पुढ्यात ठेवायचा आणि सगळं सांगून टाकायचं. सावंतवाडीपर्यंत वाक्यंसुद्धा जुळवली होती.

दादा नुकताच कामावरून आला होता. मी पाटी त्याच्यासमोर ठेवली, पेन हातात दिलं. त्याने ते धरलं, पण ब्रशसारखं नाही, खिळा धरावा तसं मुठीत. बोटांची टोकं पांढरी पडलेली. मला म्हणाला, बर्फाने आता बोटांना नीटसं कळत नाही, काही धरलंय की नाही ते डोळ्यांनी बघावं लागतं. मग त्याला ओळख पटली — ही तीच वस्तू. त्याचा चेहरा उतरला. पेन त्याने पटकन खाली ठेवलं.

"देवान नको म्हटलेली वस्तू घरात कित्याक हाडलंस?"

रागावून नाही विचारलं. माझी काळजी वाटली त्याला.  सगळी वाक्यं तयार होती, त्यांतलं एकही मी बोलले नाही.

त्याने पाटी आणि पेन पुन्हा खोक्यात भरलं, जसं होतं तसं, प्लॅस्टिकसकट. उठला, हातपाय धुऊन आला, देवळाच्या दिशेला तोंड करून उभा राहिला आणि हात जोडले. "चेडू चुकला रे महाराजा," म्हणाला, "लहान आसा. पदरात घी."

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि हात जोडले.