रिकाम्या टाकीला खाऊ

आत्याला वेड लागलं, असं बाबांनी एका सकाळी जाहीर करून टाकलं. पुरावा काय, तर ती रिकाम्या टाकीत माशांचा खाऊ टाकते. काचेची छोटी टाकी, त्यात पाणी आहे, वाळू आहे, कोपऱ्यात फिल्टर बुडबुडतोय, आणि मासा औषधालाही नाही. तरी ही बाई रोज चिमूटभर खाऊ टाकते आणि समाधानाने झाकण लावते. महिना झाला म्हणे.

बाबांना निमित्तच हवं होतं. दोन महिन्यांपूर्वी आत्या बाथरूममध्ये घसरली होती. मनगटाला प्लॅस्टर, बाकी काही नाही. कुणाला पत्ताही लागला नसता, तिनेच आपणहून फोन करून सांगितलं. झालं. तेव्हापासून बाबांनी धोशा लावला की दोन खोल्यांचं ते घर भाड्याने दे आणि आमच्याकडे राहायला ये. लहानपणी ज्याचं नाक हिने पुसलं, तो आता हिने कुठे झोपायचं ते ठरवणार. माझं डोकंच फिरलं. पण आमच्या घरात माझं ऐकतो कोण?

मी सरळ तिच्याकडे गेले आणि विचारलं, हा काय प्रकार आहे? तिने आधी माझ्या हातात काचेची नळी दिली. टाकीचं पाणी, त्यात औषधाचे थेंब, आणि पाच मिनिटांनी बघायचा रंग. पिवळा. हिरवा आला तर पाण्यात विष आहे. खाऊ कुजला की विष तयार होतं, आणि ते विष खाणारे जंतू फिल्टरच्या स्पंजात हळूहळू वाढतात. त्यांना उपाशी ठेवून कसं चालेल? जंतू पुरेसे झाले की मगच मासे, तेही थोडे थोडे. दिसायला मासा नाही, पण टाकी महिनाभर कामाला लागलेली होती.

आत्याने एकतीस वर्षं शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काढली. नमुना घ्यायचा, तपासायचा, आकडा लिहायचा. एकदा तपासणीच्या दिवशी साहेब म्हणाले, आज आकडा जरा बरा लिहा. तिने पेन त्यांच्यापुढे ठेवलं आणि सांगितलं, तुम्हीच लिहा, सहीही तुमचीच करा. बढती तीन वर्षं रखडली. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

रविवारी तिने सगळ्यांना बोलावलं, टाकीत मासे सोडायचे म्हणून. तिने सहा आणले होते, बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळे पट्टे असलेले. बाबा येताना पंचवीस मासे घेऊन आले, लाल, केशरी, हे एवढाले. एवढी तुझी टाकी तयार आहे तर सोड की सगळे, म्हणाले. आत्याने पिशवीला हातही लावला नाही. सहांच्या विष्ठेला पुरतील एवढेच जंतू आहेत, पंचवीस टाकले तर आठवड्याभरात सगळे उलटे तरंगतील, दुकान उघडं आहे तोवर परत देऊन ये, असं तिने सांगितलं. बाबा तणतणत गेले आणि परतही आले.

तोवर सहांची पिशवी पाण्यावर तरंगत होती. दर दहा मिनिटांनी आत्या टाकीतलं वाटीभर पाणी पिशवीत घालायची. तासाभराने तिने एकेक मासा जाळीने उचलून टाकीत सोडला आणि पिशवीतलं पाणी मोरीत ओतलं. सहाही जण कोपऱ्यात गठ्ठा करून बसले. मग एकाने धीर केला, आणि त्याच्यामागे बाकीचे निघाले. मला फार आनंद झाला.

बाबांचा चेहरा काही उतरला नाही. जाताना म्हणाले, "महिनाभर सहाही जगले तर मी पुन्हा विषय काढणार नाही. एक जरी मेला तर सामान बांधायचं."

आत्या म्हणाली की तिने कसलीही पैज लावलेली नाही. पण बाबांच्या लेखी ठरलं ते ठरलं.

बाराव्या दिवशी एक मेला. मी तिथेच होते. आत्याने पाणी तपासलं. रंग पिवळाच. बाकीचे पाच खाऊवर तुटून पडत होते. म्हटलं, आत्या, दुकानात जाते, अगदी तसाच मिळतो, बाबांच्या सात पिढ्यांना कळणार नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी काढलेली चप्पल पुन्हा घातलीच नाही. तिने स्वतः फोन लावला आणि भावाला सांगितलं, एक मेला.

पलीकडून बाबांचा आवाज मला इथे ऐकू येत होता. बघ, मी म्हणत नव्हतो, रविवारी टेम्पो आणतो, वगैरे वगैरे. आत्याने त्यांना पुरतं बोलू दिलं.

"पाण्यात दोष नाही, मी तपासलंय," ती म्हणाली. "मासा होता, मेला. एक दिवस मीही मरणार आहे, आणि ते माझ्या घरात. तुझ्याकडे आले तर मरणार नाही, असं लिहून देतोस? देत असशील तर आण टेम्पो."

बाबांनी फोन ठेवून दिला. टेम्पो काही आला नाही.