नावातली मधली जागा

सुमतीताई कुठल्याही वर्गावर गेल्या की आधी तिथल्या गुरुजींनाच पेपर सोडवायला बसवत. "तुम्हाला सुटला, तर बायकांना सुटेल," म्हणत. प्रौढांच्या वर्गांची चौथीची परीक्षा बदलली होती, आणि कल्याणपासून ठाण्यापर्यंत वर्ग चालवणाऱ्या मंडळींची तयारी करून घ्यायचं काम ताईंकडे होतं. ठाकुर्लीला आमच्या दुपारच्या वर्गातही त्या येत. मी सगळ्यांच्या मागे बसायची. एकदा वाकून माझी वही बघितली आणि म्हणाल्या, "अगं यशोदा, एवढं येतं तर लपतेस कशाला?" माझी शाळा दुसरीतच सुटलेली. ही चौथी मला फार हवी होती.

एका रविवारी डोंबिवलीच्या शाळेत सगळे वर्गचालक जमले. ताई मलाही घेऊन गेल्या. सात-आठ टोपीवाले पुरुष आणि कोपऱ्यात मी. नमुन्याचा पेपर सगळ्यांनी सोडवला. माझी गणितं बरोबर आली, आधी कधी न वाचलेल्या उताऱ्यावरची उत्तरंही बरोबर. ताईंनी माझा पेपर वर धरला आणि म्हणाल्या, "ही नापास."

वर माझं नाव होतं, आडनाव होतं. मधे यांचं नाव मी लिहिलंच नव्हतं. कसं लिहिणार?

कोलशेतचे म्हातारे गुरुजी हसले. "त्यात काय बाई, नावं आजवर आम्हीच भरत आलोय."

"आता परीक्षेच्या वेळी तुम्ही दाराबाहेर. जिचा पेपर तिनेच नाव भरायचं. अपुरं असलं तर पेपर तपासायचेच नाहीत, असा नियम आलाय. तुमच्या किती बायका पास होतील, सांगा."

माझे डोळे भरून आले. ताई जवळ येऊन बसल्या. "हळदीकुंकवाला नाव घेतेस ना? तो उखाणा लिही या पाटीवर."

मी लिहिला. ताईंनी पदराने पुढचंमागचं सगळं पुसलं. पाटीवर यांचं नाव तेवढं राहिलं.

"सरकारी परीक्षेला उखाणे?" गुरुजी कुरकुरले.

"बरं, मग तुम्ही घ्या आमच्या वहिनींचं नाव!"

गुरुजी टोपी सारखी करत बसले. पण पुढच्याच आठवड्यापासून त्यांच्या वर्गातही पाट्यांवर उखाणे दिसू लागले.

कल्याणला परीक्षा झाली. मी मनात उखाणा म्हटला, नावापाशी आले आणि डोळे मिटल्यासारखं करून लिहून टाकलं.

निकाल घेऊन ताई आल्या, तो त्यांचा आमच्याकडचा शेवटचा दिवस. त्यांची नाशिककडे बदली झाली होती. यादी माझ्याच हातात दिली. "उभी राहा. तुझं नाव तूच वाच."

मी मोठ्याने वाचलं. आधी नाव, मग एकदम आडनाव. बायका खुदखुदल्या. ताई रागावतील असं वाटलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"परीक्षा लेखी होती गं," म्हणाल्या. "पास आहेस."