टिकलीबरोबर कर्नाळ्याला, डोक्यावर पाटी घेऊन

लग्नानंतरची माझी पहिली सहल एका म्हशीबरोबर झाली. पनवेलहून कर्नाळ्याच्या पायथ्यापर्यंत, चार कोस, पायी. आज नातवंडं अर्ध्या तासात पोचतात आणि पक्ष्यांचे फोटो टाकतात. म्हटलं, आपणही आपलं प्रवासवर्णन टाकावं. साठ वर्षं उशीर झालाय, पण रस्ता तिथेच आहे.

त्या साली पेंढ्याला सोन्याचा भाव आला होता. मुंबईच्या तबेल्यांसाठी व्यापारी ट्रक घेऊन थेट खळ्यावर उभे राहायचे. आमच्यासारख्या शेत नसलेल्यांना उरलंसुरलं मिळायचं, तेही दुप्पट भावाने. आमची टिकली, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून टिकली, तेव्हा गाभण होती आणि दूध आटलेलं. श्रावणापर्यंत नुसतं खाणार. सासरे म्हणाले, “पाडव्यापर्यंत चाऱ्याची सोय झाली नाय, तर तबेलेवाल्याला देऊन टाकू.” सासूबाईंनी भाकऱ्या मात्र चार जास्त थापल्या.

कर्नाळ्याखाली त्यांची धाकटी बहीण, आमची मावशी, राहायची. तिची भातशेती होती. पेंढा आणायला गाडीभाडं परवडेना, म्हणून म्हशीलाच पेंढ्याकडे न्यायचं ठरलं. होळीनंतर एका पहाटे निघालो. सासूबाईंच्या हातात दावं, माझ्याकडे भाकरी, सुकटीची चटणी आणि एक रिकामी पाटी.

“पाटी कशाला, आई?”

“लागंल.”

कशाला ते वेशीबाहेर कळलं. टिकलीने शेण टाकलं आणि सासूबाई थांबल्या. “उचल गो.”

माझ्या अंगावर लग्नातलं हिरवं लुगडं. म्हटलं, “रस्त्यातलं शेण?”

“शेन आपल्या म्हशीचं हाय, रस्त्याचं नाय.”

पळस्पे फाट्यापर्यंत पाटी अर्धी भरली. तिथे चहाची टपरी होती. चहा गुळाचा, पण फक्कड. टपरीवाल्याने टिकलीला बादलीभर पाणी फुकट पाजलं आणि मला म्हणाला, “वयनी, पाटी जरा लांब ठेवा, गिऱ्हाईक पलंल माजं.” पुढे एस.टी. आमच्याजवळ हळू झाली. कंडक्टर दारातून वाकून म्हणाला, “मावशी, म्हशीचं अर्धं तिकीट फाडू का?”

“ती उभ्यानं येनार नाय,” सासूबाई म्हणाल्या. “शीट दे.”

फाल्गुनात या वाटेने चालणार असाल तर दहाच्या आत निम्मं अंतर कापा. नंतर डांबर मऊ होतं. कडेच्या मातीवरून चाला. हे मला टिकलीने शिकवलं. शिरढोणच्या पुढे ओढ्यात गुडघाभर पाणी दिसलं आणि ती जाऊन बसली. तासभर हलली नाही. आम्ही काठावर भाकरी सोडली. तिथून मी पहिल्यांदा कर्नाळ्याचा सुळका नीट पाहिला, बरोबर टिकलीच्या दोन शिंगांच्या मधोमध.

दुपारी पोचलो. मावशी धावत आली, बहिणीला बिलगली आणि मग तिची नजर म्हशीवर गेली. “बाय, पेंढा तर मी देऊन बसलंय. सोमवारी ट्रक येनार.”

घरामागे पेंढ्याची उडवी उभी. टिकली मान लांब करून तिकडेच ओढत होती. मी मनात हिशोब केला: चार कोस परत, आणि पुढे तबेलेवाला.

सासूबाई बसल्या नाहीत. म्हणाल्या, “राबाला शेन किती जमलं?”

आमच्याकडे भात पेरायच्या आधी वाफ्यावर शेण, पालापाचोळा पसरून जाळतात. तो राब. तो नीट झाला तरच रोप जोर धरतं. मावशीच्या जोडीतला एक बैल त्या साली गेला होता. निम्मा वाफा उघडाच पडलेला.

“घेऊ इकत,” मावशी म्हणाली.

“म्हंजे पेंढा इकून शेन इकत घेनार. पाटी उतरव गो.”

मी उतरवली. मावशीने पाटीत पाहिलं, मग म्हशीकडे. “येवढं एका सकाळचं?”

“ओढ्यातलं वाहून गेलं, ते धरलं नाय.”

मावशीला हसू आवरेना. तिने नवऱ्याला हाक मारली, “आवो, त्या ट्रकवाल्याला सांगा, उडवीचा तिसरा हिस्सा टिकलीचा. तो मिळायचा नाय.” त्या संध्याकाळी पाटीतलं शेण मीच वाफ्यावर पसरलं, लग्नातल्या लुगड्याचा पदर खोचून.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने परतलो. सासरे ओट्यावर होते. सासूबाईंच्या हातात नुसतं दावं बघून त्यांचा चेहरा उतरला. “इकली?”

“म्हायेरी ठेवली. मिरगानंतर येल.”

सासरे पंच्याने तोंड पुसत आत गेले. टिकलीला देऊन टाकू म्हणणारा माणूस हाच.

हिरवं गवत उगवल्यावर टिकली परतली, श्रावणात व्यायली. पारडी झाली, कपाळावर तसाच ठिपका. दिवाळीला मावशीकडून त्या वाफ्यातल्या भाताचे पोहे आले. सासूबाईंनी पहिली मूठ गोठ्यात नेली.

कर्नाळ्याचा किल्ला मी अजून चढले नाही. पक्षी बघायचेही राहूनच गेले. पण गाडीतून तो सुळका दिसला, की मला त्याच्या दोन्ही बाजूंना शिंगं दिसतात.