भट्टीचं तापमान प्रायव्हेट केलं तेव्हा

श्रावणात औंढ्याचं आमचं घर दुपारपर्यंत धुक्यातच असायचं. त्या धुक्यातून कंपनीची बस मला नवलाख उंबऱ्याला न्यायची, आणि पहिला तासभर मी अर्धवट स्वप्नातच प्रोग्राम लिहायची. कारखान्यात सुट्या भागांवरचा रंग भट्टीत पक्का करत. ती भट्टी चालवणारा प्रोग्राम माझा. नोकरीतलं पहिलं काम.

भट्टीचा क्लास, म्हणजे तिची माहिती आणि कामं एकत्र ठेवणारा प्रोग्रामचा भाग, मी हौसेने लिहिला होता. तापमान मात्र पब्लिक ठेवलेलं. म्हणजे इतर कुठल्याही प्रोग्रामला ते वाचता यायचं आणि बदलताही. कोण कशाला बदलेल, असं वाटलं.

एका सकाळी गोडसर जळका वास आला. भट्टीवरच्या मावशी ओरडल्या, "पोरी, रंग काळा पडतोय!" त्यांनी लाल बटण दाबलं. मी एकशे ऐंशी अंश दिले होते. पडद्यावर तीनशे छप्पन्न.

आमच्या विभागाच्या मॅडम वडगावच्या, कापडाच्या दुकानदाराची मुलगी. आवाज कधी चढायचा नाही. तासाभरात त्यांना कारण सापडलं. परदेशी गिऱ्हाइकासाठी रिपोर्ट काढणारा प्रोग्राम लिहिणाऱ्या सहकाऱ्याने सेल्सिअसचं फॅरनहाइट केलं होतं आणि उत्तर माझ्याच तापमानात टाकलं होतं. भट्टीने ते निमूटपणे पाळलं.

"चूक त्याची आहे," मी म्हणाले.

"त्याला तिथे लिहिता कसं आलं?"

माझे कान तापले.

"प्रायव्हेट कर," त्या म्हणाल्या. "मग भट्टीचा क्लासच ते बदलू शकेल. बाकीच्यांनी विनंती करायची, भट्टीने आकडा तपासून घ्यायचा."

"प्रोटेक्टेड ठेवू? उद्या यावरून दुसऱ्या भट्टीचा क्लास काढला, तर त्यालाही वापरता येईल."

"ती भट्टी येऊ दे, मग बघू."

मी पब्लिक शब्द बदलून प्रायव्हेट केला, दोनशेच्या वर नकार द्यायची अट घातली. सहकाऱ्याचा रिपोर्ट लगेच अडला. तो आला, पाहिलं, आणि आपला आकडा आपल्याच क्लासमध्ये घेऊन गेला. मावशींनी मुद्दाम तीनशे टाकून पाहिलं.

"न्हाई म्हणतंय की!" त्या खळखळून हसल्या, आणि सकाळपासूनचं माझं ओझं उतरलं.

संध्याकाळी भाताच्या खाचरांवर ढग टेकले होते. बांधावर वडील भेटले.

"आज काय केलंस?"

"एक शब्द बदलला."

"दिसभरात येकच?"

"व्हय."

त्यांनी खोऱ्याच्या दांड्याला टेकून जरा विचार केला. "लय झालं," म्हणाले, आणि आम्ही धुक्यातून घराकडे चालू लागलो.